निरोगी झाडांतला रोग

इ. स. २००६ सालीं नेदर्लंड्समध्यें शोभेच्या झाडांची तपासणी चालू असतां दोन जातींच्या झाडांत असें कांहीं सांपडलें, कीं ज्याची तेथें कोणाला अपेक्षा नव्हती. त्यांपैकीं एक 'सोलॅनम जॅस्मिनॉइडिस' ही जाईसारख्या पांढऱ्या फुलांची वेल. दिसावयास जाईसारखी असली तरी ती बटाट्या-वांग्याच्या कुळांतली आहे. दुसरें 'ब्रुगमान्सिया', म्हणजे धोतऱ्याचें नातलग; याचीं लांबलचक फुलें उलट्या तुताऱ्यांप्रमाणें खालीं लोंबत असतात. दोन्ही झाडें यूरोपांत सज्जांतून व बागांतून हौसेनें लावलीं जातात. तपासलेलीं झाडें टवटवीत होतीं. पानांवर ठिपका नव्हता, शेंडा खुरटलेला नव्हता, फुलें नेहमींप्रमाणेंच येत होतीं. तरीहि त्यांच्या रसांत बटाट्याच्या एका जुन्या आणि खोडसाळ रोगाचें कारण दडलेलें होतें. हाच रस चाकूला किंवा माळ्याच्या बोटांना लागून टोमॅटोच्या रोपापर्यंत पोंचला, तर त्या रोपाची वाढ खुंटते, शेंड्याचीं पानें आखडून पिंवळीं पडतात आणि फळें लहान राहतात. बटाट्यापर्यंत पोंचला तर जमिनींतला कंद बिघडतो. चोरानें एका घरीं सभ्य पाहुणा म्हणून राहावें आणि चोरी शेजारच्या घरीं करावी, अशांतलाच हा प्रकार.

या पाहुण्याचें नांव 'व्हायरॉइड'. व्हायरस म्हणजे विषाणु, आणि व्हायरॉइड म्हणजे विषाणूसारखा. पण हें नांव थोडें फसवें आहे. विषाणूचे दोन भाग असतात. आंत एक रासायनिक संदेश असतो आणि बाहेर त्या संदेशाला जपणारें प्रथिनांचें कवच असतें. संदेशांत निदान हें कवच कसें तयार करावयाचें याची तरी कृति लिहिलेली असते. व्हायरॉइडला कवच नाहीं. आणि त्याच्या संदेशांत कोणत्याहि प्रथिनाची कृति लिहिलेली नाहीं. रायबोन्यूक्लिक आम्ल, ज्याला संक्षेपानें आर. एन. ए. म्हणतात, त्याचा एक उघडावाघडा, चिमुकला धागा म्हणजेच सबंध व्हायरॉइड. रोग उत्पन्न करणारी याहून साधी वस्तु वनस्पतींच्या जगांत अद्याप कोणास सांपडलेली नाहीं. इतकी क्षुद्र वस्तु ओळखली कशी गेली, आणि निरोगी झाडांत लपलेली ती आज ओळखतात कशी, हा या लेखाचा विषय आहे.

प्रारंभ बटाट्यापासून होतो. अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत कांहीं शेतांतले बटाटे विचित्र आकाराचे निघूं लागले होते. गोल किंवा लांबट-गोल असावयाचे ते कंद दोन्ही टोकांस निमुळते, सूत कातण्याच्या चातीसारखे दिसत. त्यांवरचे डोळे नेहमींपेक्षां अधिक, आणि प्रत्येक डोळ्यावर भुंवई उमटल्यासारखा उंचवटा. झाडें उभट व खुरटीं. डब्ल्यू. एच. मार्टिन यांनीं १९२२ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि आकारावरून त्याला 'चाती-कंद' अशा अर्थाचें इंग्रजी नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं शुल्ट्झ आणि फॉलसम या दोघांनीं हा रोग एका झाडापासून दुसऱ्यास लागतो हें दाखविलें. बुरशी सांपडेना, जिवाणु दिसेना, पण रोग तर संसर्गजन्य. त्या काळीं अशा प्रत्येक रोगाच्या माथीं एकच नांव मारलें जाई, तें म्हणजे विषाणु. त्याप्रमाणें हाहि विषाणूंच्या यादींत गेला, आणि पुढें जवळ जवळ पन्नास वर्षें त्या यादींत निर्वेधपणें राहिला. शास्त्रांतहि एकदां लावलेली चिठ्ठी सहसा कोणी काढून पाहत नाहीं.

मधल्या काळांत काम रेंगाळलें याचें एक अगदीं व्यावहारिक कारण होतें. रसांत रोगाचें बीज आहे किंवा नाहीं हें कळण्यास तो रस बटाट्याला टोंचावयाचा आणि नवीन कंद निघेपर्यंत थांबावयाचें. एका प्रश्नास एक हंगाम! अशा गतीनें कोण किती प्रश्न विचारणार? १९६२ सालीं विल्यम रेमर आणि म्यूरिअल ओब्रायन यांना आढळलें कीं, 'रटगर्स' नांवाच्या जातीच्या टोमॅटोवर हा रोग थोड्या आठवड्यांत स्पष्ट उमटतो. पानें खालच्या बाजूस वळतात, आखडतात, आणि शेंडा गुच्छासारखा दाटतो. उबदार कांचघर आणि भरपूर उजेड असला कीं उत्तर लवकर मिळतें. दिसावयास ही लहानशी सोय. पण पुढचें सर्व संशोधन या टोमॅटोच्या रोपांवर उभें आहे. मोजण्याचें माप हातीं आल्यावर मोजणी सुरू झाली.

ती मोजणी मेरिलँडमधील बेल्ट्सव्हिल येथें, अमेरिकन सरकारच्या कृषिसंशोधन केंद्रांत झाली. रेमर यांच्याबरोबर तेथें थिओडोर ऑटो डीनर हे काम करीत होते. डीनर मूळचे स्वित्झर्लंडचे. १९२१ सालीं झूरिक येथें त्यांचा जन्म झाला. गढूळ पाणी स्थिर ठेवलें कीं जड खडा आधीं तळाशीं जातो आणि बारीक गाळ मागाहून बसतो. अतिवेगानें फिरणाऱ्या यंत्रांत घातलेल्या द्रवाचेंहि तसेंच होतें. त्यांतले मोठे कण आधीं खालीं बसतात, लहान मागें राहतात. विषाणूचे कण या यंत्रांत ठराविक वेळांत तळाशीं यावयास हवेत. रोगी झाडाचा रस फिरवला, पण रोग लावण्याची शक्ति तळच्या गाळांत आली नाहीं. ती वरच्या पाण्यांतच राहिली. म्हणजे जें कांहीं रोग लावीत होतें तें विषाणूच्या मानानें फारच लहान होतें.

मग पाळीपाळीनें निरनिराळीं पाचक द्रव्यें रसांत मिसळून पाहण्यांत आलीं. प्रथिनें काढून टाकणाऱ्या फेनॉलनें रसाची मारक शक्ति गेली नाहीं. डी. एन. ए. पचविणाऱ्या द्रव्यानेंहि ती गेली नाहीं. पण आर. एन. ए. पचविणाऱ्या रायबोन्यूक्लिएझचा अंश पडतांच रस निरुपद्रवी झाला. टोमॅटोचीं रोपें सुखानें वाढूं लागलीं. १९६७ सालीं डीनर व रेमर यांनीं जाहीर केलें कीं, या तथाकथित विषाणूचे गुणधर्म मोकळ्या न्यूक्लिक आम्लासारखे आहेत.

येथें कोणीहि चौकस माणूस शंका काढील. कवचाचा विषाणु असेलच, पण रस काढतांना तो फुटून त्याचा आंतला भाग मोकळा झाला असेल. किंवा हा तुकडा एकटा दुबळा असेल आणि झाडांत आधींपासून असलेला दुसरा एखादा विषाणु त्याला हात देत असेल. किंवा असे अनेक लहान तुकडे एकत्र आल्यावरच रोग होत असेल. डीनर यांच्या कामाचें खरें मोल या शंकांचा एकेक करून निकाल लावण्यांत आहे. नुसता लहान रेणु सांपडला असता तर तो कोणाच्याहि नजरेंतून सुटला असता. एका पारदर्शक जेलींतून विद्युत्प्रवाहाच्या साहाय्यानें आर. एन. ए.चे रेणु ओढून नेले कीं लहान रेणु पुढें आणि मोठे मागें अशी त्यांची रांग लागते. ही जेली चकत्या करून कापावयाची आणि प्रत्येक चकतींतला अर्क वेगळ्या टोमॅटोला टोंचावयाचा. ज्या चकतीचें रोप आजारी पडेल तेथें अपराधी. अपराधी सांपडला तो अगदीं लहान रेणूंच्या जागीं, आणि एकटाच. निरोगी टोमॅटोंत त्याला मदत करणारा दुसरा विषाणु शोधूनहि आढळला नाहीं. १९७१ सालीं डीनर यांनीं या वस्तूला 'व्हायरॉइड' हें नांव दिलें. अनेकांना ही गोष्ट पटण्यास वेळ लागला, आणि त्यांत नवल नाहीं. आपलें स्वतःचें एकहि प्रथिन नसतां कोणी स्वतःच्या प्रती काढूं शकेल, हें त्या वेळच्या समजुतींत बसत नव्हतें. डीनर यांना शंभरांहून अधिक वर्षांचें आयुष्य लाभलें. २०२३ सालीं ते वारले. आपली शंकास्पद ठरलेली कल्पना पाठ्यपुस्तकांत गेलेली पाहण्याचें भाग्य थोड्यांनाच मिळतें.

पुढचीं पावलें भराभर पडलीं. १९७६ सालीं जर्मनींत हाइन्झ सेंगर व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, या धाग्याला टोंकें नाहींत. तो बांगडीसारखा जोडलेला आहे. मात्र ही बांगडी मोकळी गोल नसते. तिच्या दोन्ही बाजू एकमेकींस चिकटून ती काडीसारखी चपटी होते. या काडीची लांबी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून मोजली तर एका मिलिमीटरचा सुमारें वीस हजारावा भाग भरते. १९७८ सालीं हान्स ग्रोस, सेंगर आणि त्यांच्या मंडळींनीं तिच्यावरचा मजकूर अक्षर न् अक्षर वाचला. आर. एन. ए.ची वर्णमाला चारच अक्षरांची. बटाट्याच्या व्हायरॉइडाच्या मजकुरांत अशीं ३५९ अक्षरें निघालीं. तंबाखूच्या प्रसिद्ध केवडा रोगाच्या विषाणूंत तीं सुमारें ६,४०० असतात, आणि विषाणूंच्या जगांत तोहि फार मोठा नव्हे. एका पोस्टकार्डावर मावेल एवढ्या मजकुरानें शेतेंच्या शेतें बिघडत होतीं.

मजकूर वाचला म्हणजे अपराध सिद्ध झाला असें होत नाहीं. ती सिद्धता १९८३ सालीं बेल्ट्सव्हिल येथेंच झाली. क्रेस, कीफर आणि ओवेन्स यांनीं त्या मजकुराची डी. एन. ए.च्या रूपांतली नक्कल जिवाणूंच्या आंत वाढविली, आणि ती टोमॅटोच्या पानांवर चोळली. झाडें आजारी पडलीं. रोगी झाडाच्या रसाचा थेंबहि न वापरतां, केवळ मजकुराच्या नकलेनें रोग उत्पन्न झाला. तेव्हां त्या रसांत दुसरें कांहीं दडलें असेल ही शंका उरली नाहीं.

आतां साहजिकच प्रश्न येतो कीं, ज्याच्याजवळ एकहि हत्यार नाहीं तो वाढतो कसा आणि मारतो कसा? वाढतो तो यजमानाच्या जिवावर. वनस्पतीच्या पेशींत डी. एन. ए. वाचून आर. एन. ए. तयार करणारें एक यंत्र असतें. बटाट्याचा व्हायरॉइड पेशीच्या केंद्रांत शिरून या यंत्राला भुलवितो, आणि डी. एन. ए. वाचण्यासाठीं असलेलें तें यंत्र या बांगडीभोंवतीं फिरत राहून तिच्या प्रतींची एक लांब माळ काढतें. मग माळेचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा पुन्हां बांगडी बनतो. ॲव्होकॅडोच्या व शेवंतीच्या एका व्हायरॉइडाची तऱ्हा आणखी निराळी आहे. ते पानाच्या हरितकणांत राहतात, आणि आपल्या माळेचे तुकडे कोणाच्या मदतीवांचून स्वतःच करतात. व्हायरॉइडांचीं दोन कुळें मानलीं जातात तीं मुख्यतः या भेदावरून.

मारण्याचा प्रकार तर अधिकच चमत्कारिक. परका आर. एन. ए. दिसला कीं त्याचे बारीक तुकडे करावयाचे, आणि त्या तुकड्यांशीं जुळणारा मजकूर जेथें सांपडेल तेथें तो नष्ट करावयाचा, अशी वनस्पतीची स्वतःची संरक्षणव्यवस्था आहे. व्हायरॉइडाचे असे तुकडे होतात, आणि कधीं कधीं त्यांतला एखादा झाडाच्या स्वतःच्याच एखाद्या उपयुक्त संदेशाशीं जुळतो. मग झाड आपल्याच हातानें आपला संदेश खोडून टाकतें. पीच फळझाडाच्या पानांवर पांढरे पट्टे पाडणाऱ्या व्हायरॉइडाच्या बाबतींत हें २०१२ सालीं प्रयोगानें दिसून आलें. ज्या झाडाच्या संदेशांत तो मजकूर जुळत नाहीं त्याचें कांहीं बिघडत नसावें, असें यावरून वाटतें. पण प्रत्येक व्हायरॉइडाची गोष्ट इतकी सरळ निघालेली नाहीं.

बटाट्याचें कोडें सुटतांच जुन्या यादींतल्या इतर चिठ्ठ्याहि काढून पाहिल्या गेल्या. अमेरिकेंत १९४५ च्या सुमारास शेवंतीचीं झाडें ठेंगणीं राहूं लागलीं होतीं. फुलें लहान, रंग फिका, आणि बहर वेळेच्या आधीं. हाहि विषाणूच मानला गेला होता. १९७३ सालीं तो व्हायरॉइड ठरला. लिंबाच्या वर्गांतील झाडांच्या खुंटाची साल फुटून तिचे पापुद्रे सुटतात, तो 'एक्झोकॉर्टिस' रोग १९४८ सालीं कॅलिफोर्नियांत वर्णिला गेला आणि १९७२ सालीं त्याचेंहि कारण व्हायरॉइडच निघालें. फिलिपाइन्समध्यें 'कडांग-कडांग' नांवाच्या रोगानें गेल्या शतकांत तीन कोटींहून अधिक माड गेले असा अंदाज आहे. हें नांव तेथील बिकोल भाषेंतल्या मरणार्थी शब्दावरून आलें आहे. माड एका दिवसांत पडत नाहीं. नारळ लहान व गोल होतात, मग धरेनासे होतात, झावळ्या पिंवळ्या पडतात, आणि कित्येक वर्षांनीं झाड मरतें. ज्या कुटुंबाचें पोट त्या झाडांवर होतें त्यानें तीं सर्व वर्षें काय केलें असेल, हें आंकड्यांतून दिसत नाहीं. त्या व्हायरॉइडाचा सर्वांत लहान प्रकार अवघ्या २४६ अक्षरांचा आहे.

शेवंती, लिंबू आणि बटाटा यांत एक गोष्ट समान आहे, आणि तींच सगळ्या संकटाचें मूळ आहे. हीं झाडें बहुधा बियांपासून वाढवीत नाहींत. शेवंतीचे शेंडे छाटून लावतात, लिंबाचा डोळा भरतात, बटाट्याचें बेणें लावतात. बियांतूनहि कांहीं व्हायरॉइड पसरतात हें खरें. पण कलमांत तो जवळ जवळ हमखास उतरतो. एका रोगट मातृवृक्षापासून हजार कलमें केलीं तर हजार रोगी झाडें होतात, आणि छाटणीचा चाकू न धुतां फिरविला तर शेजारच्या वाफ्यांतलींहि. बागवानाची मेहनत आणि कौशल्य येथें रोगाचेंच काम करितें. उत्तम दिसणारें झाड निवडून त्याचीं कलमें करावीं, हा सर्वांना ठाऊक असलेला शहाणपणाचा नियम. पण जें झाड रोग अंगावर दाखवीतच नाहीं, तेंच या नियमानें सर्वांत आधीं निवडलें जाण्याचा संभव!

म्हणून ओळखण्याच्या रीतींना एवढें महत्त्व. पहिली रीत अर्थातच बोलक्या झाडाची. मुक्या झाडाचा रस किंवा डोळा अशा झाडावर चढवावयाचा, कीं जें रोग लागतांच बोलून दाखवितें. बटाट्याच्या व्हायरॉइडासाठीं रटगर्स टोमॅटो, शेवंतीसाठीं 'मिसलटो' नांवाची शेवंतीचीच एक जात, आणि लिंबासाठीं महाळुंग. आपल्याकडे पाकांत घालण्यापलीकडे फारसें न विचारलें जाणारें महाळुंग जगांतल्या लिंबूबागांचें साक्षीदार म्हणून मान पावलें आहे. त्याचीं पानें मुडपलीं कीं ज्या झाडाचा डोळा घेतला तें बाद.

पण साक्षीदारहि कधीं गप्प राहतो. व्हायरॉइडाचे कांहीं प्रकार इतके सौम्य असतात कीं टोमॅटोवरहि त्यांची खूण उमटत नाहीं. यावर के. एच. फर्नो यांनीं १९६७ सालीं जी युक्ति सांगितली, ती या सर्व इतिहासांत सर्वांत चतुर म्हणावी लागेल. सौम्य प्रकार आधींच आंत असला तर तो मागून येणाऱ्या उग्र प्रकाराला थारा देत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. तेव्हां संशयित रस आधीं टोंचावयाचा, कांहीं दिवसांनीं त्याच रोपाला उग्र रोग टोंचावयाचा. रोप आजारी पडलें तर तें आधीं निर्दोष होतें. आजारी पडलें नाहीं तर त्यांत सौम्य व्हायरॉइड आहे! येथें आरोग्य हाच रोगाचा पुरावा. उग्र आणि सौम्य यांच्या मजकुरांत बहुधा मूठभर अक्षरांचाच फरक असतो, हें पुढें कळलें.

विषाणु ओळखण्याची आणखी एक सोपी रीत प्रयोगशाळांत रूढ आहे. विषाणूचें कवच सशाला टोंचून त्याच्या रक्तांत जे प्रतिपदार्थ तयार होतात, ते कसोटीस लावावयाचे. व्हायरॉइडाच्या बाबतींत ही रीत मुळांतच निकामी आहे, कारण येथें कवचच नाहीं. शोभेच्या झाडांची विषाणूंसाठीं नेहमींची तपासणी होऊनहि व्हायरॉइड त्यांतून निसटत राहिले, त्याचें हें एक साधें कारण होय.

मग त्याच्या अंगचा कोणता गुण धरावयाचा? एक गुण म्हणजे त्याचा बांगडीचा आकार. पानांतलें सर्व आर. एन. ए. जेलींतून एकदां ओढलें कीं काडीसारखा दुमडलेला व्हायरॉइड आपल्याएवढ्या इतर रेणूंच्या घोळक्यांत मिसळून जातो. मग जेली तापवून प्रवाह उलटा सोडतात. उष्णतेनें सर्वांच्या दुमडी सुटतात. साधे धागे सरळ होऊन सरसर निघून जातात, पण बांगडी उघडून तिचें कडें होतें, आणि कडें जेलीच्या जाळींत अडखळत मागें राहतें. मागें राहिलेली ती एकटी रेघ म्हणजे व्हायरॉइड. या रीतीचा मोठा गुण असा कीं, पूर्वीं कधीं न पाहिलेला व्हायरॉइडहि तींत सांपडूं शकतो, कारण शोध मजकुराचा नसून आकाराचा असतो.

दुसरा गुण मजकूर. १९८१ सालीं ओवेन्स आणि डीनर यांनीं मजकुराला नेमका जुळणारा किरणोत्सर्गी तुकडा तयार करून कागदासारख्या पटलावरच्या रसाच्या थेंबांची परीक्षा घेण्याची रीत सांगितली. ज्या थेंबांत व्हायरॉइड, त्याला तो तुकडा चिकटतो आणि छायाचित्राच्या फिल्मवर काळा ठिपका उठतो. एका पटलावर शेंकडों बटाटे तपासतां येऊं लागले, आणि कॅनडा व अमेरिकेंतील बेण्याच्या बटाट्यांतून हा रोग घालविण्याच्या कामीं अशा रीतींचा फार उपयोग झाला. आज बहुतेक तपासणी मजकुराच्या लक्षावधि प्रती यंत्रांत काढून होते. ती अतिशय सूक्ष्म आहे, पण तिला जें शोधण्यास सांगावें तेवढेंच ती शोधते. झाडांतला सर्वच आर. एन. ए. सरसकट वाचून काढणारीं नवीं यंत्रें ही उणीव भरून काढीत आहेत.

सांपडलेला व्हायरॉइड कोणता हें ठरविणें हें पुढचें काम. त्याचा मजकूर ठाऊक असलेल्या सर्वांशीं ताडून पाहतात. फार वर्षें असा संकेत होता कीं, शेंकडा नव्वदांहून कमी अक्षरें जुळलीं आणि शिवाय त्याचें वागणेंहि वेगळें असलें, तर ती निराळी जाति मानावी. अलीकडे प्रत्येक वर्गासाठीं ही मर्यादा नव्यानें आंखली जात आहे. मजकूर ताडतांना चमत्कारहि दिसतात. 'कॉलम्नीआ' या शोभेच्या झाडांत बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांना १९७८ सालीं एक व्हायरॉइड सांपडला. त्या झाडावर रोगाचें नांवहि नव्हतें, पण बटाट्यावर तो चाती-कंद उठवी. त्याचा मजकूर वाचला तेव्हां तो दोन घरच्या कापडांचें ठिगळ निघाला. बराचसा भाग बटाट्याच्या व्हायरॉइडाच्या जातीचा, आणि मधला महत्त्वाचा तुकडा हॉप वेलीच्या व्हायरॉइडासारखा. एकाच झाडांत दोन व्हायरॉइड राहिले म्हणजे त्यांचे तुकडे जोडले जाऊन तिसरा उत्पन्न होऊं शकतो, हें त्यावरून ध्यानांत आलें.

नांवांचा घोटाळाहि येथें सांगितला पाहिजे. जो व्हायरॉइड ज्या झाडांत प्रथम सांपडला त्याचें नांव त्याला चिकटतें, आणि मग बटाट्याचा म्हणविणारा टोमॅटोंत, धोतऱ्याच्या भाईबंदांत आणि जाईसारख्या वेलींत भेटतो. भारतांत टोमॅटोच्या झाडांचा शेंडा गुच्छासारखा दाटून येणारा एक रोग आहे. त्याचें कारण १९९१ सालीं प्रसिद्ध झालें, तें लिंबाच्या एक्झोकॉर्टिस व्हायरॉइडाचाच एक वेगळा प्रकार होतें. २००६ सालीं भारतांतील शोभेच्या झाडांत तीन व्हायरॉइड नव्यानें आढळल्याचें प्रसिद्ध झालें. त्यांपैकीं एक लिंबाचा म्हणविणारा, एक टोमॅटोचा म्हणविणारा, आणि तिसऱ्याचें नांव 'आयरेसिन' या लालभडक पानांच्या बागेंतल्या झाडावरून पडलेलें. कुंडींतल्या झाडाचा आणि शेतांतल्या पिकाचा संबंध काय, असें वाटणाऱ्यास हीं नांवेंच उत्तर देतात.

नेदर्लंड्सच्या शोधाचें पुढें असें झालें. टोमॅटोच्या कांचघरांत अधूनमधून हा रोग उद्भवे, झाडें उपटून नष्ट केलीं जात, आणि कांहीं वर्षांनीं तो पुन्हां दुसरीकडे डोकें वर काढी. टोमॅटो वर्षभराचें झाड. तें गेलें कीं रोगहि जावयास हवा. मग तो येतो कोठून? रोगी टोमॅटोंतल्या व्हायरॉइडाचे मजकूर आणि शोभेच्या झाडांतले मजकूर शेजारीं ठेवून पाहिले तेव्हां कांहीं टोमॅटोंचे धागे त्या पांढऱ्या फुलांच्या वेलींतल्या धाग्यांशीं जुळले. वर्षानुवर्षें कलमांनीं वाढणाऱ्या त्या वेली हेंच टोमॅटोच्या रोगाचें कोठार आहे, असा निष्कर्ष तेथील संशोधकांनीं २०१० सालीं मांडला. त्याच्याहि आधीं, २००७ सालीं, यूरोपीय संघानें या दोन झाडांचीं कलमें विकण्यापूर्वीं तपासणी आवश्यक ठरविली होती.

एकदां आंत शिरलेला व्हायरॉइड झाडांतून काढणें फार कठीण. विषाणु घालविण्यासाठीं झाड उबेंत ठेवतात, ती उष्णता याला मानवतेच. उलट बटाट्याचीं झाडें महिनोन्महिने थंडींत ठेवून मग शेंड्याचा सुईच्या अग्राएवढा अंकुर वाढविला, तर क्वचित् यश येतें. त्याहून सोपें काम चाकूचें. स्पिरिटांत बुडविलेला किंवा नुसता पुसलेला चाकू निर्दोष होत नाहीं. कपडे पांढरे करण्याचें सोडियम हायपोक्लोराइटचें पाणी मात्र या धाग्याचा नाश करितें. एक झाड छाटून झालें कीं चाकू त्यांत बुडवून धुवावयाचा आणि मगच दुसऱ्या झाडास लावावयाचा. हें पाणी उघडें ठेवल्यास लवकर निकामी होतें, म्हणून तें रोज नवें करावें लागतें. आणि लोखंड त्यानें गंजतें, ही माळ्यांची नेहमींची तक्रार आहे.